चारशे बारा युनिटांची बेगमी

मित्रांनो, झाकण उचलायची घाई करू नका. आत घेवडा शिजतो आहे, आणि एकदा बाहेर पडलेली वाफ पुन्हा गोळा करता येत नाही. तो शिजेपर्यंत माझी कहाणी ऐका.

मला इथले लोक ऊबपेटी म्हणतात. गुडघ्याएवढी उंची, चारही बाजूंना पाइनच्या फळ्या, आत बकरीची लोकर भरलेल्या जाड गाद्या आणि मधोमध एक पातेले बसेल एवढी पोकळी. माझ्यात निखारा नाही, तार नाही, बटण नाही. उकळी फुटलेले पातेले माझ्या पोटात ठेवावे, वर उशी दाबावी, झाकण लावावे आणि खुशाल शेतावर निघून जावे. संध्याकाळी परत येईपर्यंत जेवण तयार असते. मी स्वतः काही तापवत नाही. मला दिलेली आच मी फक्त सांभाळते. एवढी एकच विद्या मला येते, पण ती चोख येते.

माझा जन्म इथून फार दूर, सोन्याच्या खाणीवर झाला. तिथल्या एका कामगाराने खोक्यांच्या फळ्या जोडून मला बनवले ते घरी चादरी आणि साबण न्यायला. दोन दिवस बसच्या टपावर आणि एक दिवस घोड्याच्या पाठीवर, असा प्रवास करत मी लेसोथोच्या या उंच डोंगरात आले. पुढे त्याच्या लेकीचे लग्न झाले आणि मी तिच्याबरोबर सासरी गेले. सासरच्यांनी तिचे नाव ठेवले मामोसेले, म्हणजे मोसेलेची आई. मोसेले तेव्हा जन्मायचीच होती. आमच्याकडे नाव आधी येते, लेकरू मागाहून.

मामोसेले बकऱ्यांची लोकर कातरतात त्या शेडमध्ये कामाला जायची. जमिनीवर सांडलेली लोकर झाडून घरी न्यायची तिला मुभा होती. एका वर्षी बायकांच्या मंडळात कुणी बाई पेटीत अन्न शिजवायचे शिकवून गेली, आणि मामोसेलेने जुन्या घोंगडीच्या पिशव्या शिवून, त्यांत ती लोकर ठासून माझे पोट भरले. त्या दिवसापासून मी खऱ्या अर्थाने कामाला लागले.

आमच्या डोंगरात झाड शोधावे लागते. सरपण म्हणजे टेकडीवरची खुरटी झुडपे आणि मेंढवाड्यातले शेण. मेंढ्यांनी वर्षभर तुडवून कडक केलेले शेण कुदळीने फरशीसारखे कापायचे, वाळवायचे आणि रचून ठेवायचे. एवढे कष्टाचे सरपण घेवड्यासाठी चार चार तास जाळायचे कुणाच्या जिवावर येणार नाही? माझ्यामुळे पाव तासाच्या जाळात घेवडा शिजू लागला. शेजारची माथातो पहिल्यांदा बघायला आली तेव्हा माझ्यापासून दोन हात लांबच उभी राहिली.

"मामोसेले, खरं सांग, आत कोण बसवलंयस?"

"बकरीची लोकर आहे गं."

"लोकर शिजवते होय? माझ्या घरी तर नवरासुद्धा शिजवत नाही."

मित्रांनो, ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. मोसेलेला लहानपणी मीच जेवू घातले असे म्हटले तर फार खोटे होणार नाही.

मग गावात वीज आली. ती आणली मामोसेलेच्या नवऱ्याने, पोत्सोने. सहा वर्षे तो घरोघर अर्ज भरून घेत हिंडला, बाजारगावच्या कचेरीत जाऊन बसला, घोड्याचे दोन नाल झिजले. वीज आल्यावर गावाने त्याला विद्युत समितीचा अध्यक्ष केले. अंगणातल्या त्याच्या लहान घराच्या दारावर तीन लांब फळ्यांची पाटी लागली. पांढऱ्या रंगावर निळी अक्षरे होती. वरच्या फळीवर 'विद्युत', मधल्या फळीवर 'समिती', खालच्या फळीवर 'अध्यक्ष'. पोत्सो रोज सकाळी ती पाटी बाहीने पुसायचा.

विजेला मी नावे ठेवणार नाही. मोसेले तिच्याच उजेडात शिकली. पण घरात विजेची शेगडी आली, हीटर आला, किटली आली, आणि मी आधी पलंगाखाली गेले, मग अंगणापलीकडच्या चुलीच्या खोपीत. जाताजाता एक दुखणेही घेऊन गेले. दिवा बदलायला पोत्सो माझ्यावर उभा राहिला आणि माझे झाकण मधोमध फुटले. "जुनीच होती," एवढेच तो म्हणाला. खोपीत एका ठिपक्यांच्या कोंबडीने माझ्या पोटात तीन वेळा पिल्ले काढली. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तिला ऊब कळत होती.

आमच्याकडे वीज आधी विकत आणावी लागते. बाजारगावी पैसे भरले की लांबलचक आकड्याची चिठ्ठी मिळते, घरी येऊन तो आकडा भिंतीवरच्या मीटरमध्ये दाबायचा, की तेवढे युनिट जमा. दोन वर्षांमागे ऐन जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या भर हिवाळ्यात, घाट बर्फाने बंद असताना, अध्यक्षांच्याच घरचे युनिट संपले. सगळ्या गावात दिवे आणि यांच्या घरात चार दिवस काळोख. माथातो मेणबत्ती घेऊन आली आणि जाताना म्हणाली, "अध्यक्ष, परत द्यायची घाई नाही हं." पोत्सोच्या ते फार जिव्हारी लागले.

पुढच्या वर्षी मोसेले पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. दिवस भरत होते जूनच्या शेवटी, म्हणजे भर थंडीत. मे महिन्यात मामोसेलेने खोपीच्या दारात बसून नवऱ्याला बेगमीची यादी सांगितली. वीस लिटर रॉकेल, मेणबत्त्यांची चार पुडकी, काड्यापेट्या, मीठ, तेल, मक्याच्या पिठाची दोन पोती. पीच तिने घरीच वाळवले होते, पालेभाजीही वाळवून ठेवली होती. पोत्सोने मान डोलावली आणि घोड्यावर बसून गेला.

तिसऱ्या दिवशी तो परतला. घोड्यावर पिठाची पोती होती, तेल होते, मीठ होते. बाकी काही नव्हते. पोत्सोच्या चेहऱ्यावर मात्र लग्नातल्या व्याह्याचा थाट होता.

"अहो, रॉकेल कुठंय?"

"रॉकेल कशाला?" त्याने खिशातून चिठ्ठी काढली. "चारशे बारा युनिट! सगळं एकदम आणलं. आता बर्फ पडू दे, घाट बंद होऊ दे, आपल्या घरात हिवाळाभराची वीज भरलेली."

"आणि मेणबत्त्या?"

"अगं, चारशे बारा युनिट असताना मेणबत्ती लावशील? लोक हसतील."

"मोसेलेचे बाबा, यादी मी दिली होती."

"यादी गेल्या जमान्यातली होती."

मित्रांनो, त्याला हसू नका. ज्या दारातून चोर शिरला त्या दाराला त्याने दोन कुलपे लावली होती, इतकेच. आदल्या वर्षी घरातले युनिट संपले, म्हणून या खेपेला त्याने युनिट साठवले. वीज भिंतीवरच्या त्या डब्यात नसते, ती तीन डोंगरांपलीकडून तारेवरून येते, हे ज्याने गावात तार आणली त्याच माणसाच्या ध्यानातून गेले. शेण कापायचेही त्याने त्या वर्षी टाळले. धुराने बाळाचे डोळे चुरचुरतील म्हणाला.

मामोसेले भांडली नाही. रोज शेतावरून येताना टेकडीवरची झुडपे तोडून डोक्यावर आणू लागली. असे तीन भारे झाले. मग एका दुपारी तिने मला खोपीतून अंगणात काढले, कोंबडीला दुसरे खोके दिले, माझ्या गाद्या उसवून जुनी लोकर उन्हात झोडपली आणि तिच्यात नवी मिसळली. पोत्सो खोगीर पुसत बघत होता.

"कोंबडीचं बाळंतपण उरकलं, आता लेकीचं याच्यात करतेस की काय?"

"तुमच्या डब्यात वीज आहे ना? माझ्या डब्यात काय असावं ते माझं मी बघीन."

तिचा हात माझ्या फळ्यांवरून फिरत होता. किती वर्षांनी फिरला! मला भरून आले.

दवाखान्यात मोसेलेला मुलगी झाली. तीन आठवडे आधी झाली, दोन किलोलाही थोडी कमी. घरी पाठवताना नर्सने मामोसेलेला बजावले, "हिला गार पडू द्यायचं नाही. आईच्या उघड्या छातीशी ठेवा, वरून घोंगडी. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून जवळ असू द्या. आणि हिच्या आईला दर दोन तासांनी काहीतरी गरम द्या, तरच दूध येईल."

बाळबाळंतीण मोठ्या गोल घरात राहिल्या. छपरात दारावर बोरूची काडी खोचली गेली. ती काडी दिसली की त्या घरात पुरुषाने पाऊल टाकायचे नाही, मग तो बाळाचा आजोबा का असेना. पोत्सो शेजारच्या लहान घरात झोपू लागला. पंचाईत अशी की मीटर मोठ्या घराच्या भिंतीवर होते. तो सकाळ-संध्याकाळ बाहेर उभा राहून विचारायचा.

"बाळ बरं आहे?"

"बरं आहे."

"दूध पितंय?"

"पितंय."

"आणि... युनिट किती?"

मामोसेले मीटरपुढे जाऊन आकडा वाचायची. मी कोपऱ्यात, मोसेलेच्या उशाशी होते. हीटरपुढे माझी गरज कुणाला नव्हती, पण मी घरात होते, मला तेवढे पुरे होते.

बाळ दहा दिवसांचे असताना, गुरुवारी सकाळी, बर्फ पडू लागले. दुपारपर्यंत मेंढवाड्याची भिंत दिसेनाशी झाली. मग हीटरची लाल तार काळी पडली आणि मीटरचा आकडा गेला.

"मामोसेले! युनिट किती?" बाहेरून आवाज आला.

"दिसत नाही. मीटरनं डोळा मिटलाय."

"असं कसं? अजून तीनशेच्या वर आहेत!"

"असतील. नुसते आकड्यात असतील तर बाळाच्या पायाला काय त्याचं?"

तेवढ्यात माथातो घोंगडी पांघरून, गुडघाभर बर्फ तुडवत आली. पलीकडच्या खिंडीत तारेचे खांब आडवे झाल्याची बातमी तिनेच आणली. आत शिरता शिरता ती पोत्सोला म्हणाली, "काय हो अध्यक्ष, भिंतीत भरलेली वीज कुठून गळाली?" माथातोच्या घरातही जाळायला काही नव्हते. मामोसेलेने तीन भाऱ्यांतला एक तिला उचलून दिला. "तुझ्याकडेही म्हातारा आहे," म्हणाली.

राहिले दोन भारे. उघड्या चुलीवर ते दोन दिवस पुरले असते. पण आता, मित्रांनो, घरात मी होते.

सकाळी खोपीत अर्धा भारा पेटायचा. त्या एका जाळावर दोन कामे व्हायची. आधी घट्ट आंबील उकळायची आणि ते पातेले धावत धावत माझ्या पोटात यायचे. दुपारपर्यंत मोसेले त्यातली आंबील थोडी थोडी प्यायची, चटका बसेल इतकी गरम. दरम्यान खोपीतल्या विझत्या निखाऱ्यांवर पाण्याचा मोठा डबा तापत राहायचा. पातेले रिकामे झाले की डबा माझ्यात. फुटक्या झाकणावर मामोसेले घोंगडीची घडी आणि तिच्यावर दगड ठेवायची. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत त्याच पाण्याने बाटल्या भरल्या जायच्या. बाळ आईच्या छातीशी, बाटल्या दोन्ही बाजूंना, वर तीन घोंगड्या. मामोसेले मध्येच हात घालून बाळाचे तळपाय चाचपायची. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत असे. तिचे खांदे सैल पडले की मला कळायचे, पाय कोमट आहेत.

असे चार दिवस निभावले. सोमवारी सकाळी खोपीत शेवटच्या काटक्याही जळून गेल्या होत्या. पोत्सोने कुदळीने मेंढवाडा फोडून पाहिला, पण शेण ओले आणि गोठलेले होते. त्याचा नुसता धूर झाला. माझ्यातले पाणी कोमट होऊन गेले होते. मामोसेलेने बाळाचे पाय चाचपले आणि हात तिथेच राहिला.

"आई, गार आहेत का गं?" मोसेलेने विचारले.

"तू हिला घट्ट धर," मामोसेले म्हणाली. हे काही उत्तर नव्हते.

इतक्यात दारापाशी पावले वाजली. पोत्सो उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

"मामोसेले, ती पेटी बाहेर दे."

माझ्या फळ्यांना जणू आधीच घाव बसला. पाइनचे सुके लाकूड, तीस वर्षे वाळलेले. माझ्याहून चांगले सरपण पाच कोसांत नव्हते, हे मलाही कळत होते. खरे सांगते, बाळासाठी जळायला मी नाही म्हटले नसते. पण मी जळाल्यावर संध्याकाळची ऊब कोण धरणार, याच विचाराने मी घाबरले.

मामोसेले दारात गेली.

"पेटी जाळलीत तर आजचा दिवस निघेल. उद्या काय करणार?"

"उद्याचं उद्या! आज पोरीला गरम पाणी नको? मला कळतंय सगळं. माझीच चूक आहे. चारशे बारा युनिट घेऊन बसलो मी. आता निदान लाकूड तरी तोडू दे!" त्याचा आवाज फाटला होता.

मामोसेले हळू म्हणाली, "मोसेलेचे बाबा, या पेटीला रोज हातभर लाकूड पुरतं. हातभर लाकूड द्या मला. पेटी मागू नका."

पोत्सोची पावले वळली. थोड्या वेळाने लहान घराच्या बाजूने खिळे उपसल्याचा आवाज आला, आणि त्यामागून कुऱ्हाडीचे घाव. माथातो अंगण ओलांडून येत होती, ती थबकली. "अगं बाई," एवढेच ती म्हणाली. त्या बाईला शब्द सापडले नाहीत असे मी पहिल्यांदाच पाहिले.

पोत्सो त्याची पाटी फोडत होता.

सोमवारी 'विद्युत' जळाली. मंगळवारी 'समिती' जळाली. आपला 'अध्यक्ष' त्याने शेवटाला ठेवला होता. शेवटी माणूसच तो. एका फळीवर एक उकळी, आणि पुढचा सगळा दिवस माझा. ती दोन पातेली मी जिवाच्या आकांताने धरून ठेवली. सोमवारी संध्याकाळी मामोसेलेने बाळाचे पाय चाचपले, आणि तिचे खांदे सैल पडले. मंगळवारी बाळ भुकेने असे रडले की बाहेर पोत्सो हसला.

बुधवारी सकाळी त्याने तिसरी फळी खोपीत नेऊन उभी केली होती, कुऱ्हाड उचललीही होती. तेवढ्यात हीटरची तार लाल झाली. भिंतीवर मीटरने डोळा उघडला.

"मामोसेले!" बाहेरून हाक आली.

"विचारा, विचारा. युनिट ना?"

बाहेर कुऱ्हाड खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नाही," पोत्सो म्हणाला. "पाय गरम आहेत का, ते सांग."

"गरम आहेत हो," मामोसेले म्हणाली आणि मग तिला रडू आले. इतके दिवस ती रडली नव्हती.

घाट मोकळा झाल्यावर जावई आला. मुलगी झाली की बापाच्या अंगावर पाणी ओतायची आमच्याकडे रीत आहे. माथातोने तांब्याभर ओतले. थंडीत बिचारा दचकला आणि मग चकित झाला, कारण पाणी ऊन होते. ते माझ्यातले होते.

बोरूची काडी उतरली त्या दिवशी नातीला पहिल्यांदा पोत्सोच्या हातात दिले. तिला परत देईना, तेव्हा मामोसेलेने हिसकावून घेतली. मग तो मला अंगणात घेऊन गेला. त्याने माझे फुटके झाकण काढले आणि वाचलेली तिसरी फळी मापात कापून, दोन तुकडे जोडून, घासून मला नवे झाकण केले. ज्या झाकणावर तो एकदा उभा राहिला होता त्याच्या जागी हे बसवताना प्रत्येक खिळा त्याने दोनदा तपासला.

आता पुन्हा मे महिना आहे. मेंढवाड्यात शेण कापून रचले आहे. पोत्सो यादी घेऊन बाजारगावी गेला होता, काल परतला. रॉकेल आले, मेणबत्त्या आल्या, युनिटही आले, पण बेताने. गावातल्या सात घरी माझ्यासारख्या पेट्या झाल्या आहेत, त्यातली एक माथातोकडे. वीज आली की वापरावी आणि मजेत वापरावी. पण मित्रांनो, तुमच्या माळ्यावर, पलंगाखाली माझ्यासारखे कुणी पडले असेल तर वर्षातून एकदा त्याला उन्हात काढा. त्याच्यावरून हात फिरवा. त्याला काय येते ते विसरू नका. आणि कृपा करून त्याच्यावर उभे राहून दिवा बदलू नका.

आज सकाळी माथातो आली तेव्हा पोत्सो उंबऱ्यावर नातीला मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या दारावर पाटीच्या जागी नुसती खिळ्यांची भोके आहेत.

"काय हो अध्यक्ष, नवी पाटी कधी लावताय?"

"मला कशाला अध्यक्ष म्हणतेस?" पोत्सोने मान वळवून माझ्याकडे बोट केले. "त्या आत आहेत. घेवडा शिजवतायत."

शिजला असेल आता. उचला झाकण. त्यावरची निळी अक्षरे जरा पुसट झाली आहेत, पण वाचता येतात.